नेम्ब्रिसचे पाय

एलिएशीने फोनवर एवढंच सांगितलं, "गाळणी बिघडली आहे. तुझं यंत्र घेऊन ये." मी विचारलं, कशावरून? ती म्हणाली, "आलीस की कळेल," आणि फोन ठेवला. एलिएशी जन्मभर शाळेत शिकवत आली होती. एका वाक्यात भागत असेल तर ती दुसरं वापरत नसे. पण त्या दिवशीच्या वाक्यात तिचा नेहमीचा हुकूम नव्हता, म्हणून मी प्रयोगशाळेतून रजा घेतली आणि शुक्रवारी सकाळीच अरुशा शहरातून निघाले.

फाट्यापर्यंत मिनीबस आणि पुढे भाड्याची मोटरसायकल. मीटरची पेटी मी पोटाशी धरली होती. चालवणाऱ्या मुलाने विचारलं, "वाकड्या पायांच्या घरी ना?"

"बाईंच्या घरी."

"तेच ते," तो म्हणाला.

एलिएशीने फाटकावर 'आशा बालगृह' अशी पाटी लावली होती. रंगही चांगला दिला होता. पण ते नाव पाटीवरच राहिलं. निवृत्त झाल्यावर वडिलांच्या कॉफीच्या मळ्यात तिने हे घर बांधलं, आणि खालच्या गावांतली वाकड्या पायांची मुलं त्यात आणून ठेवली, तेव्हापासून लोकांनी त्याला आपलं नाव दिलं होतं.

मेरू डोंगराच्या आमच्या बाजूचं पाणी दिसायला स्वच्छ असतं. डोंगराच्या राखेतून झिरपताना ते फ्लोराइड घेऊन येतं. त्याने दात तपकिरी होतात. आमच्या गावात त्याचं कुणाला काही वाटत नाही. एलिएशी आणि मी वसतिगृहाच्या शाळेत गेलो तेव्हा आम्हाला प्रथम कळलं की माणसांचे दात पांढरे असतात. एका मुलीने विचारलं, "तुमच्याकडे शेण खातात का?" एलिएशी म्हणाली, "हो, तुझ्या बापाच्या गाईचं." मी मात्र हसताना तोंडावर हात धरायला लागले, ती सवय अजून आहे.

दातांचं एवढं काही नाही. डोंगराच्या पायथ्याशी, जिथे पाणी सगळ्यात वाईट आहे, तिथे वाढत्या मुलांची हाडं वाकतात. पाय धनुष्यासारखे बाहेर जातात, नाहीतर गुडघे एकमेकांवर घासायला लागतात. एलिएशीने पिंपांमध्ये जाळलेल्या हाडांचा कोळसा भरून गाळणी बसवली. हाडांचा कोळसा फ्लोराइड धरून ठेवतो. हाड वाढायच्या वयात मुलांनी हे गाळलेलं पाणी प्यावं, त्यासाठी त्यांनी इथेच राहावं आणि आयांनी महिन्यातल्या एका शनिवारी भेटायला यावं, अशी तिची योजना होती. पाण्याचे नमुने ती मला पाठवायची, मी तपासून कळवायचे. पाणी दर वेळी चांगलं असायचं.

अंगणात मुलांनी एका सुरात "शिकामू" म्हणून नमस्कार केला. मी "मराहबा" म्हणून एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत गेले. नेम्ब्रिस अंगणाच्या दुसऱ्या टोकाला होती. ती चालत आली.

नेम्ब्रिस चालत कधी येत नसे. परदेशातले देणगीदार आले की एलिएशी तिला म्हणायची, "फाटकाला हात लावून ये," आणि पोरगी धूळ उडवत जाऊन यायची. मग एलिएशी पाहुण्यांना सांगायची, "हिची थोरली बहीण काठी घेऊन चालते. आई एक, ओढा एक. ही दूध सुटलं तशी इथे आली, म्हणून हिचे पाय असे." बाकीची मुलं इथे आली ती वाकलेले पाय घेऊनच. त्यांच्यात काय सुधारलं हे सांगणं अवघड होतं. सरळ पाय घेऊन आलेली ही एकटीच होती.

ती माझ्यापुढे उभी राहिली आणि तिने डोकं पुढे केलं. मी हात ठेवला. तिचा फ्रॉक घोट्यापर्यंत होता. एलिएशी मागून आली आणि तिने तो गुडघ्यांच्या वर उचलून धरला. नेम्ब्रिसच्या टाचा जुळलेल्या होत्या, आणि गुडघ्यांच्या मधल्या फटीतून मला मागे दाणे टिपणारी कोंबडी दिसत होती.

"जा, खेळ," एलिएशी म्हणाली. ती गेल्यावर मला म्हणाली, "दिसलं?"

"केव्हापासून?"

"मोठ्या पावसाळ्याच्या आधी मला वाटलं, माझेच डोळे गेले. मग मी फ्रॉकला पट्टी लावली."

"पट्टी लावून काय होणार?"

"मला दिसणार नाही, एवढं झालं."

"तिच्या आईला माहीत आहे?"

"सिन्यातीच्या आईला? नाही. दोन शनिवार झाले, ती आली की मी पोरीला चर्चच्या गाण्याला पाठवते. दोन्ही वेळा बाई संध्याकाळपर्यंत बसून परत गेली. उद्या पुन्हा येईल." ती गाळणीच्या दिशेने चालायला लागली. "उद्या मला तिच्यापुढे कारण ठेवायचं आहे. दुरुस्त होईल असं कारण."

आमच्याकडे बाईला थोरल्या मुलाच्या नावाने ओळखतात. सिन्याती म्हणजे ती काठी घेऊन चालणारी बहीण. तिचे पाय वाकले म्हणून आईने धाकटीला अंगावरून तोडून एलिएशीच्या हातात दिलं होतं. मी त्या दिवशी इथेच होते. बाई रडली नव्हती. तिने फक्त विचारलं होतं, "नक्की ना?" आणि एलिएशीने "नक्की" म्हटलं होतं.

गाळणी घरामागे, केळीच्या सावलीत होती. मी शेवटच्या पिंपाच्या तोटीतून पाणी घेतलं, मीटरची कांडी बुडवली, फ्लोराइडचा आकडा स्थिर होईपर्यंत थांबले. पाणी चांगलं होतं. पुन्हा घेतलं. चांगलंच होतं. स्वयंपाकघरातल्या माठातलं घेतलं, मुलांच्या खोलीतल्या बादलीतलं घेतलं.

"यंत्र बिघडलं असेल," एलिएशी म्हणाली.

मी ओढ्याचं पाणी मागवलं. कांडी बुडवल्याबरोबर आकडा वर गेला.

"म्हणजे यंत्र शहाणं आहे."

"आहे."

"आणि गाळणीही शहाणी."

"हो."

"मग वेडं कोण आहे?"

आम्ही नेम्ब्रिसला बोलावलं. एलिएशी खुर्चीत बसली आणि तिने पोरीला समोर उभं केलं, वर्गात करायची तसं.

"खरं सांगायचं. ओढ्याचं पाणी पितेस?"

"नाही, आजी."

"कधीच नाही?"

नेम्ब्रिसने माझ्याकडे बघितलं. "एकदा प्यायले."

"का?"

"पावलूने ढकललं. तोंड उघडं होतं."

"तोंड कशाला उघडं होतं?"

"मी त्याला गाढव म्हणत होते."

मला हसू आलं. एलिएशीला आलं नाही. "शाळेत कुठलं पाणी पितेस?"

"बाटलीतलं. तू भरून देतेस ते. मी कुणालाच देत नाही. पावलू मागतो, मी त्यालाही देत नाही."

"का नाही देत?"

"तू म्हणालीस, हे पाणी संपलं तर पाय वाकतील."

एलिएशीने तिच्या केसांतून हात फिरवला आणि तिला जायला सांगितलं. मला म्हणाली, "ही खोटं बोलत नाही. बोलली तर तिला उचकी लागते."

दुपार होत आली होती. जेवणाची वेळ झाली की एलिएशी दुसरं काही करू शकत नसे. ती उठून स्वयंपाकघरात गेली. मीही मागोमाग गेले आणि दाराशी बुटक्या स्टुलावर बसले. चुलीवर मोठं पातेलं होतं, मका आणि घेवड्याचे मकांदे. बाजारचा जुना घेवडा खड्यासारखा टणक असतो, आणि मक्याचे दाणे तर त्याहून. मी पोटमाळ्याच्या लाकडांकडे बघितलं, थोडीच उरली होती. एवढ्या लाकडांत हे शिजेल कसं, असं माझ्या मनात आलं तेवढ्यात एलिएशीने कोनाड्यातला वाडगा काढला आणि त्यातलं राखाडी पाणी पातेल्यात ओतलं. फेस वर आला. घेवड्याचा रंग बघता बघता गडद झाला.

"ते काय घातलंस?"

"काय घातलंस म्हणजे? मगादी." तिने पळी फिरवली. "शहरात राहून आता मगादीही विसरलीस? प्रेशर कुकर आल्यापासून तुम्हा लोकांना काही माहीतच नसतं."

मगादी मला माहीत होती. आमच्या आया, आज्या सगळ्यांच्या घरात ती होती. मोठ्या तळ्याच्या काठावर पाणी आटून जो खार उरतो, त्याचे खडे. खालच्या बाजारात मसाई बायका ढीग लावून विकतात. चिमूटभर टाकली की टणक दाणा लोण्यासारखा होतो. तळ्याला पाणी कुठून येतं आणि आटल्यावर त्यातलं काय मागे राहतं, हेही मला माहीत होतं. ते मी परीक्षेसाठी शिकले होते. पण या पातेल्याशी मी ते कधी जोडलं नव्हतं. मी पाण्याची तपासनीस होते आणि पाणीच तपासत होते.

"रोज घालतेस?"

"मकांदे असतील तेव्हा. म्हणजे रोजच. लाकूड कुठून आणू? वर जंगलात रक्षक कोयते काढून घेतात. आणि कच्चा घेवडा घातला की बारक्यांची पोटं दुखतात." ती जरा वाकून पातेल्यात बघत होती. "मी नुसती टाकत नाही. आपल्या गाळणीच्या पाण्यात भिजवते, फडक्याने गाळते. माती पोटात जायला नको."

"आणतेस कुठून?"

"मला कुठे आणावी लागते? आया आणतात. पोराला भेटायला रिकाम्या हाताने कशा येतील?"

मी कोनाड्यातून एक खडा घेतला. बाहेर ओट्यावर पेला ठेवला, त्यात गाळणीचं पाणी घेतलं, खडा विरघळवला. सोडा असल्यामुळे नमुन्याला आधी आम्ल घालावं लागतं, ते घातलं. मग कांडी बुडवली. एलिएशी हात पुसत बाहेर आली आणि माझ्या खांद्यावरून बघू लागली. माझ्याकडून आकडे ऐकून ऐकून तिला ते वाचता येत होते.

"हे ओढ्याचं?"

"नाही."

"ओढ्यापेक्षा जास्त आहे."

"बरंच जास्त आहे."

तिने पेल्याकडे बघितलं, मग दारातून दिसणाऱ्या कोनाड्याकडे. मी काही समजावून सांगितलं नाही. चाळीस वर्षं मुलांना शिकवलेल्या बाईला तेवढं पुरेसं होतं. आत पातेलं उतू जायला लागलं, तरी ती हलली नाही. मग म्हणाली, "नेम्ब्रिसला तळाचं आवडतं. पातेल्याच्या बुडाशी जे दाट राहतं ना, ते. मी तिच्यासाठी काढून ठेवते."

मुलं ताटल्या घेऊन रांगेत आली होती. एलिएशीने पातेलं दोन फडक्यांनी धरून उचललं, मला हात लावू दिला नाही, आणि केळीच्या बुंध्याशी सगळं ओतून दिलं. मुलं तोंडं उघडी टाकून बघत राहिली.

"आजी, का सांडलंस?" नेम्ब्रिसने विचारलं.

"करपलं."

"वास तर आला नाही."

"तुला सर्दी झाली आहे."

"मला नाही सर्दी."

एलिएशी आत जाऊन दार लोटून बसली. मी मुलांना केळी उकडून दिली. पावलूने विचारलं, मी स्वयंपाक कुठे शिकले. मी म्हटलं, प्रयोगशाळेत. तो म्हणाला, "तसंच लागतंय."

ऊन उतरल्यावर आम्ही दोघी ओसरीवर बसलो. तिच्या मांडीवर नेम्ब्रिसचा फ्रॉक होता आणि हातात कात्री. ती पट्टीची शिवण उसवत होती.

"तू इथे जेवली आहेस," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

"हो."

"बोटं चाटलीस. म्हणालीस, इतके मऊ कसे होतात तुझे?"

"म्हणाले होते."

"मी म्हटलं, मायेने." तिने दोरा ओढून काढला. "केवढ्या हसलो होतो आपण."

मी तिच्या मांडीवरचे दोऱ्याचे तुकडे गोळा केले. तिने विचारलं, "सरळ होतील?"

"आता खार बंद झाला की पुढे वाकणं थांबायला हवं. वाढतं वय आहे, थोडंफार सुधारेलही. पूर्ण सरळ व्हायला बहुधा शस्त्रक्रिया लागेल, तीही मोठी झाल्यावर. हाड कापून बसवावं लागतं."

"आणि बाकीची?"

"त्यांचंही तेच."

"म्हणजे इतकी वर्षं मी एका हाताने काढत होते आणि दुसऱ्या हाताने घालत होते."

सावल्या अंगणाच्या कुंपणापर्यंत गेल्या होत्या. मुलं फाटकाशी जुन्या टायरच्या मागे पळत होती, ज्याला जसं पळता येईल तसं. एलिएशी म्हणाली, "उद्या तू सांग तिला. तुझ्याकडे पेटी आहे. आणि गाळणी खराब झाली होती असंच सांग."

"गाळणी चांगली आहे, एलिएशी."

"ते मला कळलं. गाळणी बदलता येते. म्हातारीचे हात कुठे बदलायचे? ही गोष्ट बाहेर पडली तर एकही आई इथे पोर ठेवणार नाही. इथे निदान पाणी तरी बरं आहे."

ती म्हणत होती त्यात खोटं काही नव्हतं. मी विचार केला आणि म्हटलं, "तिला गाळणी म्हणून सांगितलं, तर ती मगादी आणत राहील. घरी सिन्यातीलाही घालत राहील."

एलिएशीची कात्री थांबली. मग तिने उरलेली पट्टी एकदम फाडून काढली आणि फ्रॉक झटकला. "हो," ती म्हणाली. "सिन्यातीला मी विसरलेच."

दुसऱ्या दिवशी सिन्यातीची आई सकाळीच आली. निळं लुगडं खांद्यावर गाठ मारून नेसलेली, पायात टायरच्या चपला. बाकीच्या आया दुपारच्या बसने येत. ही अर्धी वाट चालून मग पहिली बस धरत असल्यामुळे उजाडायच्या आधी निघत असे. तिने दुधाने भरलेला वाळका भोपळा एलिएशीच्या हातात दिला, आणि कमरेची गाठ सोडून एक पुरचुंडी काढली. आत मगादीचे खडे होते, पांढरे, चांगले निवडून घेतलेले.

"या वेळी चांगली मिळाली, बाई. मातीच नाही."

एलिएशीने ती दोन्ही हातांनी घेतली. आमच्याकडे भेट तशीच घेतात. मग ती पुरचुंडी तशीच हातात धरून तिने हाक मारली, "नेम्ब्रिस."

नेम्ब्रिस आली. फ्रॉक गुडघ्यांच्या वर होता. तिने डोकं पुढे केलं आणि म्हणाली, "शिकामू, सिन्यातीची आई."

सगळी मुलं त्या बाईला सिन्यातीची आई म्हणत, म्हणून तीही म्हणायची. बाईने डोक्यावर हात ठेवला. तो हात मग गालावरून, खांद्यावरून खाली आला आणि गुडघ्यापाशी थांबला. ती खाली बसली. दोन्ही तळहातांनी तिने पोरीच्या नडग्या चाचपल्या, बाजारात वासरू घेताना बघतात तशा, वरपासून खालपर्यंत, पुन्हा वर.

"आजी, मला गुदगुल्या होतात," नेम्ब्रिस म्हणाली.

"जा, शेंगा सोल," एलिएशी म्हणाली. मी सांगायला तोंड उघडलं, पण तिने मला हातानेच थांबवलं.

तिने सगळं उभ्यानेच सांगितलं. गाळणी चांगली आहे. पाणी चांगलं आहे. हे जे माझ्या हातात आहे त्याच्यात ओढ्यापेक्षा जास्त विष आहे. मी ते रोज पातेल्यात घालत होते. तुझ्या पोरीला सगळ्यांत जास्त वाढत होते, कारण तिला आवडायचं. कुणी मला सांगितलं नव्हतं, आणि मी कुणाला विचारलं नव्हतं.

सिन्यातीची आई जमिनीवरच बसून ऐकत होती. शेवटी तिने विचारलं, "मी आणलेली पण?"

"तू आणलेली, सगळ्यांनी आणलेली. घालत मी होते."

"म्हणजे सिन्याती आणि ही, दोघींचं सारखंच झालं."

"हिचं तेवढं नाही," मी म्हटलं. "हिचं अजून सावरण्यासारखं आहे."

बाई माझ्याशी बोललीच नाही. ती एलिएशीला म्हणाली, "सिन्याती मला दर वेळी विचारते, आई, ती अजून धावते का? मी सांगते, कोंबडीसारखी धावते. मग ती हसते. मला वाटायचं, एकीचं गेलं, एकीचं राहिलं. दोघींपैकी एकीचं तरी राहिलं." तिने लुगड्याचं टोक तोंडावर दाबलं, पुन्हा काढलं. "हिची पाऊल टाकण्याची, बोलण्याची, सगळी वर्षं तुम्हाला दिली मी. ती मला आई म्हणत नाही."

"माहीत आहे," एलिएशी म्हणाली.

"पाय वाकायचेच होते तर घरी वाकले असते. माझ्यापाशी."

ती उठली. "तिचे कपडे द्या."

मी तेव्हा मध्ये पडले. मी तिला सावकाश, एकेक करून सांगितलं. आता कारण सापडलं आहे. इथे चांगलं पाणी आहे, खार आजपासून बंद आहे. पोरगी आता कुठे सुधारायला लागेल. घरी नेली तर ओढ्याचंच पाणी पिणार, आणि मग जे थांबलं असतं ते चालू राहणार. जे सांगितलं ते सगळं बरोबर होतं. त्यात एक शब्दही मला आज बदलावासा वाटत नाही.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, तुम्ही शिकलेल्या आहात. मागच्या वेळीही शिकलेल्याच होतात."

"वर्षभर थांब," एलिएशी म्हणाली. तिला कुणापुढे विनवणी करताना मी कधी ऐकलं नव्हतं. "वर्षभर ठेव. मग ने. मी तुझ्या पाया पडते."

"नको, बाई. तुम्ही वाईट नाही. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं."

मी विचारलं, निदान घरी मगादी तरी घालणार नाही ना? रात्री घेवडा भिजत घातला तर कमी लाकडात शिजतो. ती म्हणाली, "भिजवायला पाणी तेच ना, ताई?" पाणी तेच होतं.

नेम्ब्रिसला सांगितलं तेव्हा ती एलिएशीच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिने तिचा झगा मागून मुठीत धरला. रडली नाही. फक्त म्हणाली, "मी उद्या जाईन."

"आज आईबरोबर जायचं."

"आजी, मी करपलेलं पण खाईन."

एलिएशीने मागे हात नेऊन तिची बोटं एकेक करून सोडवली. मग तिच्यासमोर बसून तिची वेणी नीट केली, जी नीटच होती. "घरी शेळ्या आहेत. सिन्याती आहे. ती तुला गोष्टी सांगेल, तिला खूप येतात."

"तू कधी येशील?"

"येईन."

"कधी?"

एलिएशीलाही उचकी लागते का म्हणून नेम्ब्रिस तिच्या तोंडाकडे बघत होती. एलिएशीने तोंड फिरवलं आणि ती पिंपाकडे गेली. तिने पिवळा डबा काठोकाठ भरला, झाकण आवळलं आणि आणून सिन्यातीच्या आईपुढे ठेवला. "हे पाणी तिच्यासाठी. संपलं की कुणाला तरी पाठव, मी पुन्हा भरून देईन. दर आठवड्याला भरून देईन." बाईने डबा उचलून डोक्यावर घेतला. नको म्हटलं असतं तर तो अपमान झाला असता, आणि तिला अपमान करायचा नव्हता.

आमच्याकडे पाहुण्याला वाटेला लावून द्यायला यजमान निदान मोठ्या रस्त्यापर्यंत जातो. एलिएशीने चपला घातल्या. सिन्यातीची आई फाटकाशी थांबली आणि म्हणाली, "नका येऊ, बाई." आमच्याकडे असं कुणी म्हणत नाही. एलिएशी फाटकाच्या आतच थांबली. मीही तिच्या शेजारी थांबले.

रस्ता तिथून सरळ उतरत जातो, त्यामुळे त्या दोघी बराच वेळ दिसत राहिल्या. आई पुढे, डोक्यावर पिवळा डबा, एका हातात कपड्यांचं गाठोडं. नेम्ब्रिस मागे. ती दर थोड्या वेळाने वळून बघायची, मग अंतर भरून काढायला भरभर चालायची. भरभर चालताना तिचं शरीर दोन्ही बाजूंना डोलत होतं. उतारावर ती मागे पडायला लागली. एका ठिकाणी ती खाली बसली.

आई थांबली. परत वर आली. काही बोलली असेल, ते आम्हाला ऐकू आलं नाही. तिने डोक्यावरचा डबा उतरवून रस्त्याच्या कडेला, गवतात ठेवला. मग वाकली, पोरीला पाठीवर घेतलं, लुगड्याचा पदर तिच्याभोवती आवळून पुढे गाठ मारली, गाठोडं उचललं. डब्याकडे एकदा बघितलं. उचलून बघितला, पुन्हा ठेवला. मग ती चालायला लागली, आणि वळणावर दोघी दिसेनाशा झाल्या.

"तिने बरोबर केलं," एलिएशी म्हणाली. "पोरीचे पाय दुखतात."

मी म्हटलं, मी डबा घेऊन येते. ती म्हणाली, राहू दे, दुपारच्या बसने बाकीच्या आया येतील, त्यांतल्या कुणाला तहान लागेल. मग तिला आठवलं की त्या आयांनाही सांगायचं आहे. ती फाटक लावून घराकडे वळली. चुलीवर पहाटेपासून मका आणि घेवडा चढवलेला होता, आणि अजून एकही दाणा बोटाने दबत नव्हता. मुलं ताटल्या घेऊन बसली होती. तिने एक लाकूड आत सारलं आणि त्यांच्या शेजारी वाट बघत बसली.